ओढणे सोपे, धरणे अवघड

दसरा आटोपला की वऱ्हाडात सोयाबीन घरी येऊ लागते. मळणीयंत्राची घरघर थांबते, अंगणात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि मग रस्त्यावर ट्रॉल्या दिसू लागतात. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा हे नागपूर-छत्रपती संभाजीनगर जुन्या महामार्गावरचे गाव. त्या दिवसांत तिथे रस्त्याकडेला तासभर उभे राहिले तर आपल्या शेतीची सारी कहाणी डोळ्यांसमोरून जाते. कुणाची ट्रॉली सोयाबीनने भरलेली, कुणाची कपाशीने फुगलेली, कुणाची विटांची, कुणाची रेतीची. पुढे निळा, लाल, नाहीतर हिरवा ट्रॅक्टर. त्यावर घरातला एखादा तरुण, मडगार्डवर त्याचा भाऊ.

शहरातल्या वाचकांना ट्रॅक्टर म्हटले की नांगर आठवतो. खेड्यात मात्र ट्रॅक्टर वर्षातला बराच काळ नांगराऐवजी ट्रॉली ओढत असतो. बी-खत, माल, चारा, उन्हाळ्यात पाण्याची टाकी, घर बांधायला निघाले की मुरूम आणि गिट्टी, सारे काही ट्रॉलीतच. म्हणून घरात ट्रॅक्टर घ्यायची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा घ्यायचा?" आणि दुसरा लगेच, "ट्रॉली किती ओढेल?" तिसरा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. भरलेली ट्रॉली हा ट्रॅक्टर धरून ठेवील का?

बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. ट्रॅक्टरच्या कर्जाची फाईल हातात आली की तिच्यात सातबारा असे, आठ-अ असे, वकिलाचा सर्च रिपोर्ट असे, ट्रॅक्टरचे कोटेशन असे आणि त्याला टाचलेले ट्रॉलीचे कोटेशन असे. ट्रॉलीची किंमत त्यात पैशापर्यंत लिहिलेली असायची. तिचे वजन किती, ती भरल्यावर किती होईल, तिला ब्रेक आहे का, याचा रकाना मात्र मला कधी दिसला नाही. कर्ज फिटेल की नाही एवढे आम्ही पाहायचो. माणूस घरी परतेल की नाही, याचा हिशेब फाईलीबाहेर राहायचा.

अश्वशक्ती म्हणजे नेमके काय?

एचपी, म्हणजे अश्वशक्ती, हा शब्द मोठा फसवा आहे. थोडे आकडे मांडले की ते लक्षात येते. रिकामी ट्रॉली दीड टनाची धरू आणि तिच्यात चाळीस क्विंटल, म्हणजे चार टन सोयाबीन. झाले साडेपाच टन. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर एक टन ओझे गडगडत नेण्यासाठी साधारण वीस किलोंचा ओढा लागतो. म्हणजे साडेपाच टनांना फक्त एकशेदहा किलो. हे काम लहानसा ट्रॅक्टरही हसत करतो.

तीच ट्रॉली पावसाने भिजलेल्या काळ्या रानातून बाहेर काढायची म्हटली की टनाला शंभर किलो किंवा त्याहूनही जास्त ओढा लागतो. म्हणजे साडेपाचशे किलो. पण ताशी पाच किलोमीटरच्या चालीने एवढा ओढा द्यायला चाकापाशी जेमतेम दहा अश्वशक्ती पुरते! मग पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर चिखलात का रुततो? ताकद कमी पडते म्हणून नव्हे, पकड कमी पडते म्हणून. मागच्या चाकांवर वजन पुरेसे नसेल तर चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि आपली कबर आपणच खोदते. पन्नास एचपीचे इंजिन बसवले तर ते आणखी जोरात फिरेल, एवढेच. यावरचा इलाज वजन हा आहे. मागच्या टायरांत पाणी भरतात, चाकांना बिडाची वजने लावतात, ती त्यासाठीच.

चढाचेही असेच. शंभर मीटरमागे पाच मीटर चढणारा रस्ता असेल तर दोन टनांचा ट्रॅक्टर आणि साडेपाच टनांची ट्रॉली मिळून सव्वापाचशे किलोंच्या आसपास ओढा लागतो. ताशी दहा किलोमीटरने चढायचे तर चाकापाशी वीस अश्वशक्ती पुरे, वीस किलोमीटरने चढायचे तर चाळीस. म्हणजे अश्वशक्तीने ठरतो तो चढण्याचा वेग. ज्याला घाई नाही त्याने खालचा गिअर टाकावा आणि बिडी पेटवावी.

विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते, चाकापर्यंत येताना ती कमी होते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे ट्रॅक्टरांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचे वजन, मागच्या हुकावर प्रत्यक्ष मिळणारा ओढा आणि ब्रेकची कामगिरी दिलेली असते. घेणाऱ्याने तो अहवाल मागावा. लग्नाला मुलगी पाहताना चार गावांत चौकशी करणारे आपण, सात लाखांच्या यंत्राची माहिती केवळ विकणाऱ्याच्या तोंडून घेतो, हे काही बरे नाही.

उलाळ आणि हूक

आपल्या आजोबांना हे शास्त्र येत होते, फक्त त्याची पुस्तके झाली नव्हती. बंडी भरताना जुना माणूस पोती पुढे-मागे सरकवून पाहायचा. माल पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर ओझे येई, मागे जास्त झाला तर बंडी उलाळ होई, जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला फास बसे. मान सुखी राहील पण उलाळ होणार नाही, असा मधला बिंदू तो हाताच्या अंदाजाने शोधायचा.

दोन चाकी ट्रॉलीचे गणित तंतोतंत हेच आहे. माल मागे सरकला तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचा हूक वर उचलते, मागच्या चाकांवरचे वजन हलके होते आणि पकड जाते. माल फारच पुढे आला तर हूक खाली दबतो, ट्रॅक्टरचे तोंड वर येते आणि स्टिअरिंग हलके लागते. मग पोरांना बोनेटवर बसवून तोंड खाली दाबायचा आपला गावठी उपाय सुरू होतो, जो एखाद्या दिवशी कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेततो. अमेरिकेत सुट्टीसाठी फिरते घर मोटारीला जोडून नेणारी कुटुंबे आहेत. त्यांना पहिला धडा हाच दिला जातो, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, त्याहून कमीही नको आणि जास्तही नको. कमी झाला की वेगात ट्रेलर मागे शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. बंडीवाल्याचा मधला बिंदू तो हाच.

ओढायची वस्तू कुठे अडकवायची, हे तर त्याहून महत्त्वाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हलके ट्रॅक्टर निघाले तेव्हा नांगर एखाद्या दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो चालकावरच उलटा पडे. त्यात अनेक शेतकरी गेले. उत्तर आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या कारागिराने तीन ठिकाणी जोडायची अशी रचना काढली, की नांगराचा ओढा ट्रॅक्टरला उलथवण्याऐवजी जमिनीशी दाबून धरू लागला. १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती रचना असलेला ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला आणि आज आपल्या शिवारातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीशी ती आहे. शिकवण साधी आहे. ओढा मागच्या आसाच्या खाली हवा. रुतलेली ट्रॉली काढताना घाईघाईने साखळी आसाच्या वर कुठेतरी बांधणे म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा तो अपघात आपल्या शेतात बोलावणे.

उतारावर कोण धरते?

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कर्जाच्या पाहणीसाठी गावोगाव हिंडताना एका वयस्क शेतकऱ्याने मला एकदा सांगितले होते, "साहेब, वढाले काय, रेडाबी वढते. उतारावर कोन धरते, ते पाहा." त्याने आपल्या गोठ्यात बैल घेताना नेहमी ही परीक्षा केली होती. भरली बंडी घेऊन उतारावर जो बैल मान मागे रेटून पाय रोवतो, तो खरा. नुसता पळणारा बैल शंकरपटात शोभतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. गावातल्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये जाड लोखंडाने जोडलेल्या त्या मजबूत पेट्या. त्यांना थांबवायची सारी जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ढोबळ हिशेब करू. दोन टनांचा ट्रॅक्टर, मागे सहा टनांची चार चाकी ट्रॉली, कोरडा रस्ता, वेग ताशी पंचवीस किलोमीटर. एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर सहा-सात मीटरांत थांबतो. ट्रॉलीसह त्याला पंचवीस मीटर लागतात. शंभराला पाचचा उतार असेल तर पन्नास मीटर. आणि रस्ता ओला असेल तर चाकांची पकड जवळजवळ सगळी उतारालाच पुरते, थांबण्यासाठी हातात काही उरतच नाही. मागची ट्रॉली मग ट्रॅक्टरला ढकलू लागते, तो आडवा होतो आणि दोघांची कैची होते.

परदेशी ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत एक नियम सर्रास छापलेला असतो. ब्रेक नसलेला ट्रेलर भरल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावा आणि ताशी बत्तीस किलोमीटरच्या वर ओढू नये. हा नियम किन्हीराजाच्या रस्त्याला लावून पाहा. दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे तीन टन. त्यातले दीड टन ट्रॉलीचेच. माल उरला दीड टन, म्हणजे पंधरा क्विंटल! आणि आपण भरतो चाळीस, पन्नास. हे वाचून कुणी हसेल. म्हणेल, पंधरा क्विंटल न्यायला ट्रॅक्टर कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर नियम मोडण्यात नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणे, त्यातल्या त्यात जड ट्रॅक्टर निवडणे, ओझे कमी करणे आणि वेग आवरणे, यांत ते आहे. वीसऐवजी तीसच्या वेगाने गेले तर थांबायला सव्वादोन पट अंतर लागते. मालेगावच्या बाजार समितीत अर्धा तास आधी पोचून भाव काही वाढून मिळत नाही.

मालेगावहून अकोल्याला जाताना मेडशीच्या पुढे पातूरचा घाट लागतो. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारे चालक आहेत. ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम ट्रॅक्टरलाही लागू आहे. इंजिनच तेव्हा ब्रेकचे काम करते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेकचे पायडल वेगवेगळे असतात, शेतात झटकन वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन्ही पायडले खिटीने जोडायची असतात. ती खिटी न लावता एकाच पायडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो. दोन बोटांचे काम, पण किती जण ते करतात?

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नये. एक ब्रास रेती म्हणजे शंभर घनफूट, तिचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते, ओली असेल तर आणखी. हजार विटा म्हणजे तीन टन. पाच हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे पाच टन, आणि अर्धी भरली असेल तर वळणावर आतले पाणी एका बाजूला धावते, ते वेगळेच. कापूस वजनाला हलका, पण उंच रचल्याने ट्रॉलीचा तोल वर जातो. एकदा वजनकाट्यावर आपली रिकामी ट्रॉली तोलून तिचे वजन फळीवर रंगवून ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

हप्त्याची ट्रॉली

मग सारे जाणूनही माणूस पन्नास क्विंटल का भरतो? याचे उत्तर मला रस्त्यापेक्षा बँकेच्या खातेवहीत जास्त सापडले.

समजा, सहा लाखांचे कर्ज घेतले, सहा वर्षांत बारा सहामाही हप्ते, व्याज बारा टक्के. दर हप्त्याला मुद्दल पन्नास हजार. पहिल्या सहामाहीचे व्याज छत्तीस हजार, दुसरीचे तेहतीस हजार. पहिल्याच वर्षी एक लाख एकोणसत्तर हजार भरायचे. घरची शेती आठ-दहा एकर, तीही आभाळाच्या भरवशावर. तिच्यातून हे निघत नाही. मग ट्रॅक्टर भाड्याने फिरवावा लागतो. डिझेल आणि चालकाचा खर्च वजा जाता तासाला तीनशे रुपये उरले असे धरले, तरी पहिल्या वर्षाच्या हप्त्यांसाठी साडेपाचशेच्या वर तास लोकांचे काम करावे लागते. त्यात दुरुस्ती नाही, टायर नाहीत, विमा नाही, पोराची फी नाही. नांगरणीचा हंगाम असतो थोडका. उरते ती ट्रॉली. रेतीच्या खेपा, विटांच्या खेपा, रात्रीच्या खेपा. खेपेमागे पैसे मिळत असल्याने तीन खेपांचा माल दोन खेपांत बसवायचा मोह होतो. ट्रॉलीवर चढलेले ते जास्तीचे ओझे मालाचे दिसते, पण ते हप्त्याचे असते.

म्हणून ट्रॅक्टर निवडताना माझे सांगणे उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी कागदावर आपल्या शेतीचे तास लिहावेत. नांगरणी, वखरणी, पेरणी, मळणी. तेवढ्यापुरता ट्रॅक्टर भाड्याने आणला तर वर्षाला किती खर्च येतो, ते मांडावे. तो आकडा वर्षाच्या हप्त्याच्या निम्माही नसेल तर त्या घराला ट्रॅक्टर नको, भाड्याचाच बरा. शेजारच्या दोन भावांनी मिळून घेता येतो का, ते पाहावे. घ्यायचाच तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. त्यातून वाचलेले पैसे मोठ्या इंजिनावर न उडवता ट्रॉलीच्या ब्रेकवर घालावेत. आणि बाजारात माल न्यायचा प्रश्न असेल तर तो ट्रॅक्टरनेच न्यावा असे कुठे लिहिले आहे? २००५ मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' आला तेव्हापासून लहान मालगाड्या गावोगाव पोचल्या आहेत. रस्त्यावर धावण्यासाठी आणि थांबण्यासाठी त्या बनलेल्या आहेत. ट्रॅक्टर शेतासाठी बनलेला आहे. वर्षातल्या चार-सहा खेपांसाठी त्यांना भाडे दिले तर तो खर्च मोठा नाही.

माणसे हा माल नव्हे

एक गोष्ट राहिली, आणि ती घरातल्या बायकांनी वाचावी अशी आहे, कारण ती थांबवण्याची ताकद त्यांच्यात जास्त आहे. उन्हाळ्यात लग्ने निघतात आणि ट्रॉलीत गादी-सतरंजी टाकून वऱ्हाड निघते. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, तेव्हाही ट्रॉल्या निघतात. तीस-चाळीस माणसे म्हणजे दोन-अडीच टन. सोयाबीनपेक्षा हलके म्हणून चालक बिनधास्त असतो. पण पोती वळणावर जागची हलत नाहीत. माणसे हलतात, उभी राहतात, नाचतात, एका बाजूला धावतात. ट्रॉलीला ना धरायला काही, ना वर छप्पर. तिच्यात माणसे बसवणे कायद्यात बसत नाही आणि काही झाले तर विम्याची भरपाई कोर्टाच्या पायऱ्यांवर अडकून पडते. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हेही स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी करावी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते. हळद लागलेल्या पोरीला ज्या घरी पाठवायचे, तिथे तिच्या माहेरची माणसे धडपणी पोचावीत, एवढ्यासाठी एका जीपचे भाडे जड वाटू नये.

आणि रात्रीचे सांगून टाकतो. मागे दिवा नसलेली, रंग उडालेली ट्रॉली अंधारात रस्त्याचाच भाग दिसते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो मोटारसायकलवालाही कुणाच्या तरी घरचा असतो, पुष्कळदा आपल्याच गावचा. ट्रॉलीच्या मागच्या फळीला दोन्ही टोकांना लाल चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवायला चहा-नाश्त्याएवढा खर्च येतो. या रविवारी ट्रॉली अंगणात उभी असेल तर आधी ती पट्टी चिकटवावी, मग हुकाची पिन झिजली आहे का ते पाहावे आणि तिला मागून खिटी घालावी. ब्रेकची चौकशी करायला सोमवारी वर्कशॉप उघडेलच.